दातारांचं मृग

आमच्या शेजारचे दातार नव्या माणसाला नाव-गाव विचारत नसत. “तुमच्या गॅलरीतला दिवा किती वॅटचा?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सुरतेच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आले, खोलीत सामान लावत होते, तेव्हा मलाही तेच विचारलं. साठ म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा कापून केलेली पत्र्याची टोपी घेऊन दारात हजर. “बाई, एवढी बल्बाला घाला. उजेड खाली पडू दे. वर कोणाला हवाय?”

दातार कालव्याच्या ऑफिसात नकाशे काढत. घरी आले की गच्चीवर. तिथं बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या, त्यांच्यात एक लांब स्क्रू आणि वरच्या फळीवर कॅमेरा. स्क्रू हातानं हळूहळू फिरवला की कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकतो, असं त्यांनी मला समजावलं होतं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ त्यांना फिल्मवर हवा होता. पण समोर पॉवरलूमची शेड, आणि तिच्या ट्यूबलाइट पहाटेपर्यंत जळत. फिल्म धुतली की नुसता करडा रंग. “आज पण ताकच आलं,” म्हणत ते मोरीतून बाहेर येत.

एकदा ते शेडच्या मालकाला भेटून आले. तासभर दिवे बंद ठेवाल का, असं विचारायला. मालक हसून म्हणाला, “तारा तो रोज ऊगे छे, दातारभाई. ऑर्डर रोज नथी आवता.”

“माणूस खोटं बोलला नाही,” दातार मला म्हणाले.

मग एकाहत्तरचं युद्ध आलं आणि शहरात ब्लॅकआउट झाला. आम्ही काचांना काळे कागद चिकटवले. भोंगा वाजला की जीव मुठीत धरून बसायचो. दातारांना मात्र आनंद लपवता येईना, आणि त्याची लाजही वाटे. त्यातून पौर्णिमा नुकतीच झालेली. “सरकारनं सगळ्यांचे दिवे घालवले. चंद्राला कोण सांगणार?”

आठवड्यानं चंद्र उशिरा उगवू लागला, तर खालून गस्तवाला ओरडला, “ऊपर कौन है?” दातारांनी त्याला गच्चीवरच बोलावलं, फळ्या दाखवल्या, बोटानं मृग दाखवलं. तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला. जाताना म्हणाला, “बस, बीडी मत जलाना.”

“बीडी?” दातार घाबरून म्हणाले. “उजेड होईल ना!”

दुसऱ्या रात्री त्यांनी मला मदतीला बोलावलं. माझ्या घड्याळाचे काटे अंधारात चमकत. दर पंधरा सेकंदांनी मी “पाव” म्हणायचं, त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवायचा. वीस मिनिटं. पंधरावं मिनिट असेल, भोंगा वाजला. दातारांचा हात थांबला. खाली खोलीत त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी एकट्या होत्या, आठ वर्षं संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या.

तेवढ्यात खालून त्यांचाच आवाज आला. “अहो, मी बरी आहे! तुमचं चालू द्या!”

“पाव,” मी म्हटलं. हात पुन्हा फिरू लागला. शेवटचा “पाव” होताच शटर मिटून ते अंधारात जिना उतरत धावले.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी वाटीभर आमटी द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं, आत काळोख. दातारांनी फोटो मोठे करायचं घरगुती यंत्र जमिनीवर उताणं ठेवलं होतं आणि नेगेटिव्हचं मोठं चित्र छतावर पडलं होतं. पांढऱ्या आभाळात काळ्या चांदण्या. खाटेवर वहिनी टक लावून बघत होत्या.

“काळ्या कशा हो?”

“फिल्म उलटी असते. कागदावर छापली की पांढऱ्या होतील.”

“राहू द्या. अशा मोठ्या दिसतात.”

दातारांनी छत्रीच्या टोकानं दाखवलं. “हा पट्टा. आणि त्याच्या खाली हा धुरकट डाग, दिसला?”

“दिसला. तुम्ही रोज वर जाऊन हेच बघायचात?”

“छे. वर गेलो तरी मला कुठं नीट दिसायचं? तुला वर नेता येत नाही, म्हणून…”

वहिनींनी मोठ्या कष्टानं वाकडी बोटं उचलून खाटेची कड थोपटली. “मान दुखेल तुमची. पडा जरा इथं.”

दातार छत्री ठेवून खाटेच्या कडेला अंग चोरून आडवे झाले. मी आवाज न करता दार ओढून घेतलं.