तीन चाकं आणि एक कोहळं

धनजच्या दौलतरावांना पोस्टकार्ड आलं ते मंगळवारी, आणि गुरुवारपर्यंत ते अख्ख्या गावाचं वाचून झालं होतं. मजकूर दोनच ओळींचा. 'बाळासाठी बाबागाडी घ्यायची आहे. रविवारी वाशीमला या. तुम्ही पाहिल्याशिवाय घ्यायची नाही.' खाली सही, जगदेव.

यात गावानं वाचण्यासारखं काय होतं, असं कोणी म्हणेल. पण ही पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा गावात आलेलं कार्ड गावाचंच असायचं. शिवाय दौलतराव म्हणजे बैलांतला माणूस. पंचक्रोशीत कोणी जोडी घ्यायला निघाला की आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. दात, खूर, चाल पाहून दौलतराव जे म्हणतील ते शेवटचं. अशा माणसाला त्याच्या पोटच्या पोरानं मात्र, वाशीमला कारकून झाल्यापासून, चार वर्षांत एका शब्दानं काही विचारलं नव्हतं. घड्याळ घेतलं, सायकल घेतली, रेडिओ घेतला. दौलतराव हात लावून पाहायला गेले की ठरलेलं उत्तर यायचं, "बाबा, तुमाले त्यातलं नाही समजत."

हे वाक्य त्यांना फार लागायचं. बोलून दाखवत नसत, पण त्या दिवशी दोन घास कमी जेवत. आणि आता हे कार्ड!

"पाह्य रंगू," ते बायकोला म्हणाले, "आखरीले लेकाले बापाची गरज पडलीच."

"पडली तं पडली," रंगूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "पन तथी जाऊन त्या गाडीचे दात नका पाहू म्हंजे झालं."

रविवारी पहिल्या एसटीनं दौलतराव वाशीमला उतरले. स्वच्छ धोतर, खांद्यावर नवाकोरा दुपट्टा. जगदेवच्या भाड्याच्या खोलीत पोचताच त्यांनी आधी नातवाला उचललं. सून अंजना आठच दिवसांपूर्वी कामरगावहून, माहेराहून, पोराला घेऊन आली होती. अडीच महिन्यांचं गुटगुटीत पोर. दौलतरावांनी त्याला दोन्ही तळहातांवर धरून हलकेच खालीवर केलं.

"भल्लं वजनदार हाय पोट्टं! ध्यानात ठेवतो."

"वजन कायले ध्यानात ठेवता, मामाजी?" अंजनानं हसून विचारलं.

"काम पडते," दौलतराव म्हणाले आणि लेकाबरोबर बाजाराला निघाले.

मदनसिंगच्या सायकलींच्या दुकानात दोन बाबागाड्या होत्या. एक चार चाकांची, आभाळी रंगाची, झालरीचं छत असलेली. जगदेवचा जीव तिच्यावरच जडला होता. गेले पंधरा दिवस हापिसातून येताना तो तिला रोज पाहून जायचा. दुसरी तीन चाकांची, लाल, मागं दोन नि पुढं एक. ती कोपऱ्यात धूळ खात पडली होती.

"ही पाहा बाबा," जगदेव निळीवर हात फिरवत म्हणाला. "बांधाले सांगू?"

"थांब," असं म्हणून दौलतराव खाली उकिडवे बसले. त्यांनी निळीच्या एका कोपऱ्यावर बोट दाबलं. गाडी टक् करून डुलली. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं, पुन्हा टक्. "तीन चाकं भुईले, एक अधांतरी. हे चवथं चाक कायले ठेवलं मंग, पाव्हना म्हनून?"

"फरशी खालीवर हाय, काका," मदनसिंग घाईनं म्हणाला.

"आन वाशीमचे रस्ते काय काचेचे हायेत?" दौलतराव कोपऱ्यातल्या लालकडं वळले. तिच्यावरची धूळ त्यांनी दुपट्ट्यानं पुसली आणि तिला इकडून तिकडून दाबून पाहिलं. गाडी हूं की चूं करीना. "हे खरी! आपल्या तीन फणांच्या तिफनीसारखी."

जगदेवचा चेहरा पडला. "बाबा, तीन तिगाडा काम बिगाडा! लोक काय म्हनतीन?"

"चुलीले दगडं किती असतात?"

"तीन."

"तुह्या मायनं त्या तीन दगडांवर रांधलेलं खाऊनच तू कारकून झाला ना? काय काम बिगाडलं?"

जगदेव पुन्हा निळीकडं पाहू लागला. पण दौलतरावही आंधळेपणानं घेणाऱ्यांतले नव्हते. बाजारात बैल चालवून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला घेऊ दिला नव्हता. "कोर्टाच्या निंबापर्यंत नेतो नि आनतो," ते म्हणाले. "मदनसिंग, नेऊ ना गा?"

"न्या की. पन रिकामीच नेसान?"

"रिकामी बैलबंडी कोन पाह्यते? वझं पाह्यजे."

समोरच भाजीवाल्यांची रांग होती. दौलतरावांनी एकेक कोहळं दोन्ही हातांवर घेऊन, डोळे मिटून, खालीवर केलं. हे हलकं, हे जड. शेवटी एका माळ्यानं ओल्या पोत्याखालून एक काढून दिलं आणि त्यांचे डोळे उघडले. "बरोब्बर! हाच आपला नातू." गाडीत ठेवल्यावर कोहळं गडगडू लागलं, म्हणून त्यांनी ते दुपट्ट्यात गुंडाळून नीट बसवलं. वरून ऊन लागू नये म्हणून पदरासारखं टोकही ओढलं. कोहळ्याला ऊन लागून काय होणार होतं कोण जाणे, पण माया अशी असते. निळीला शेवटचं डोळे भरून पाहायला जगदेव दुकानातच थांबला.

लाल गाडी निघाली ती अशी देखणी की दौलतरावच खूश झाले. खड्डा आला, पुढचं चाक उतरलं, चढलं, धक्का नाही. ते मान हलवत, जिभेनं टक्टक् करत चालले होते. एवढ्यात समोरून आवाज आला, "जयभीम, दौलतभाऊ! नातू काय?"

भागिरथाबाई होत्या, अंजनाची जवळच्याच खेड्यातली मावशी. बाजाराला आल्या होत्या आणि बाजार झाल्यावर, अजून न पाहिलेल्या बाळाला पाहायला जाणार होत्या. दौलतराव अडखळले. पन्नाशी उलटलेला, धनजचा नावाजलेला माणूस, भर बाजारात बाबागाडीत कोहळं फिरवतोय, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हाव."

"मंग दाखवा ना तोंड!"

"झोपला तो."

"झोपेतच पाह्यतो."

"नको, दिष्ट लागीन."

"माही? मावसआजीची?" भागिरथाबाईंना रागच आला. त्यांनी कनवटीचा रुपया काढला. "तोंड नका दाखवू, पन हा तं ठेवू द्यान हातात?" आणि दौलतराव 'थांबा, थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी दुपट्ट्याखाली हात घातला.

ओल्या पोत्याखालचं कोहळं ते. भागिरथाबाईंचा हात तिथंच थबकला.

"अवं माय वं! अंग किती थंड लागून राह्यलं! दौलतभाऊ, हे पोट्टं थंडगार पडलं! धावा वं, धावा!"

मग काय विचारता! पानवाला आला, चांभार आला, बांगड्यांची टोपली खाली ठेवून कासारीण आली. "काय झालं, काय झालं?" "लेकरू थंड पडलं!" "दाक्तरकडं चला!" चौघांनी गाडीच्या दांड्याला हात घातला आणि गाडी सुसाट निघाली.

"अरे, ते कोहळं हाय!" दौलतराव मागून ओरडले. "पोट्टं नाही, कोहळं हाय!"

"बाप्पा बाप्पा," कासारीण डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिनाम झाला. नातवाले कोहळं म्हनून राह्यला."

"सांभाळा त्याले," पानवाला म्हणाला, आणि दोघांनी दौलतरावांचे दंड धरले. "काका, धीर धरा. सब ठीक होईन."

"काहून धीर धरू? कोहळं हाय ते!"

"हाव हाव, कोहळंच हाय. तुमी चाला."

कोणीतरी जगदेवची खोली ठाऊक असलेला माणूस सायकलवर टांग मारून अंजनाला कळवायला पिटाळला. तेव्हाच्या वाशीमची हीच तर गंमत होती. ओळख ना देख, पण कोणाचं लेकरू म्हटलं की भरला बाजार सोडून माणसं धावायची. आज ते आठवलं की हसू येतं.

दवाखान्यात डॉक्टर हात धूत होते. गाडी उंबऱ्यावरून उडी मारून आत आली. "मागं व्हा सगळे, हवा येऊ द्या," असं म्हणत त्यांनी कानांत नळ्या अडकवल्या, दुपट्टा बाजूला केला आणि तसेच थांबले. त्यांनी नळ्या काढल्या. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"याचे आईवडील कोण?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"माह्या वाडीतलं हाय, साहेब," गर्दीतून तो कोहळेवाला माळी म्हणाला. "यंदाचंच."

मग जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत गेलं. पानवाला हसताना बाकावरून पडला. एकट्या भागिरथाबाई हसत नव्हत्या. रुपया परत घ्यावा की नाही, अशा विचारात त्या कोहळ्याकडं पाहत होत्या.

त्याच वेळी धापा टाकत जगदेव आला, मागून मदनसिंग आला आणि त्यांच्या मागून बाळाला काखेत घेऊन अंजना आली. सायकलवाल्यानं तिला सांगितलं होतं, 'बाई, घाबरू नका, तुमचं लेकरू दवाखान्यात हाय.' तिनं मांडीवरच्या लेकराकडं पाहिलं आणि कोणतं ते बघायला निघून आली.

जगदेवनं गाडीतलं कोहळं पाहिलं, हसणारी माणसं पाहिली. त्यात त्याच्या हापिसातला शिपाईही होता. कारकुनाचे कान लाल झाले.

"वाशीमभर शोभा केली, बाबा! म्हनूनच मी बोलावत नव्हतो तुमाले! ते कार्ड काय मी आपल्या मनानं लिवलं? हिनं हट्ट धरला म्हनून लिवलं!"

हसू थांबलं. दौलतरावांनी दुपट्टा झटकला आणि ते त्याची घडी घालू लागले. ती घडी काही नीट बसेना. फार वाईट वाटलं त्यांना. लोक हसले त्याचं नाही. पाच दिवस ते कार्ड खिशात घेऊन फिरले होते, त्याचं वाईट वाटलं. आताही ते खिशातच होतं.

"हाव, मीच हट्ट धरला," अंजना म्हणाली. एरवी सासऱ्यापुढं हळू बोलणारी ही बाई आज सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "लग्नाच्या दिवशी कामरगावहून धनजले मामाजीच्या बंडीत आली मी. मायनं पान्यानं भरलेला गडवा देल्ला होता हातात. मी रडून राह्यली होती, ध्यान नव्हतं माहं. सारा रस्ता खड्ड्याखुड्ड्याचा. घरी उतरली तं गडवा भरलेलाच होता, एक थेंब सांडला नव्हता. त्याच दिवशी म्या ठरवलं, माह्या लेकराची गाडी हेच पाह्यतीन."

मग तिनं कोहळं उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि बाळाला लाल गाडीत ठेवलं. "येवढ्या मानसांनी पळवली, उंबऱ्यावरून उडवली, पन कोहळ्याले ओरखडा नाही. निळी असती तं कोहळ्याची भाजी झाली असती इथीच. आनखी काय पाहाचं राह्यलं?"

बाळानं पाय झाडले आणि हुंकार दिला. डॉक्टर म्हणाले, "हे पेशंट मात्र ठणठणीत आहे," आणि भागिरथाबाईंनी एकदाचा तो रुपया खऱ्या मुठीत ठेवला.

त्या लाल गाडीत पुढं जगदेवची तिन्ही लेकरं वाढली, आणि लेकरं मोठी झाल्यावर धनजला रंगूबाईंनी तिच्यातून नळावरचं पाणी वाहिलं. ते कोहळं कापायला कोणाचा हात धजला नाही. दौलतरावांनी ते धनजला नेलं. दुसऱ्या वर्षी त्याच्या बियांचा वेल कुंपणभर गेला, आणि गाव त्याला दौलतरावांचा गोतावळा म्हणू लागलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी घरी जाताना अंजना आणि भागिरथाबाई पुढं चालत होत्या. मागं जगदेव गाडी ढकलत होता. बाळ झोपलं होतं. शेजारून दौलतराव काखेत कोहळं घेऊन चालले होते. बापलेक कोर्टाच्या निंबापाशी पोचले. तिथला मोठा खड्डा आला. चाक उतरलं, चढलं, बाळ हललंसुद्धा नाही. जगदेवनं मागं वळून खड्डा पाहिला.

"बाबा," तो म्हणाला.

"काय?"

"स्कूटरसाठी नंबर लावला म्या. चार-पाच सालानं लागीन." तो थोडा थांबला. "तवा पाहाले यान काय?"

दौलतराव चालायचे थांबले. "हे इचाराले कोनं सांगतलं तुले?"

"कोनंच नाही."

दौलतरावांनी कोहळं या काखेतून त्या काखेत घेतलं. नाक ओढलं.

"किती चाकं असतात तिले?"

"दोन."

"दोनच?"

"तिसरं मांगं लावून असते, बाबा. वखत पडला तं."

"मंग यीन," दौलतराव म्हणाले. "वझं मी आनतो."