सहावीच्या ब्लॉगवरचा जिराफ

आमच्या सहावीच्या वर्गाच्या ब्लॉगइतका सुरक्षित ब्लॉग उभ्या दुनियेत नव्हता! मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मी छातीठोकपणे सांगितलं होतं. मुलांचं खरं नाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही. प्रत्येकाला एकेका प्राण्याचं टोपणनाव. कोणी काही लिहिलं, की आधी मी वाचणार, मगच ते दिसणार.

"आणि बाहेरचं कोणी शिरलं तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तर ब्लॉग बंद करा आणि माझा वर्ग काढून घ्या!"

मला काय अवदसा आठवली कोण जाणे!

दहा दिवस सुरळीत गेले. अकराव्या दिवशी सकाळी पहिल्या तासाआधी शिक्षकांच्या खोलीत मी ब्लॉग उघडला. सगळ्यात वर खारूताईनं मांजरीवर लिहिलेला निबंध होता. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आज निळ्या कपड्यांत छान दिसत होतीस. वळणापर्यंत खिडकीतून बघत होतो.'

लिहिणारा: जिराफ.

अर्धा चहा माझ्या मांडीवर सांडला. वर्गात मुलं बत्तीस, प्राणी बत्तीस. यादी तीनदा तपासली. पाणघोडा होता, मुंगूस होतं, दोघींच्या भांडणात एकीला मिळालेलं वटवाघूळही होतं. जिराफ नव्हता! आणि शाळेचा गणवेश निळा!

मी संगणकाच्या सरांना ओढतच आणलं. "मी वाचलंच नव्हतं, तरी हे दिसतंय कसं?"

"तुम्हाला न विचारता आत-बाहेर करतोय हा," सर म्हणाले. "चांगलाच मुरलेला दिसतोय."

मी 'सदस्य काढा' वर बोट दाबलं. पडद्यावर आलं, 'तुम्हाला हा अधिकार नाही.'

"मला नाही? मग कोणाला आहे?"

"त्याला," सर हळूच म्हणाले.

खरं सांगते, इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्गात खारूताई दोन वेण्या सोडून पेन्सिल चावत बसली होती. एवढीशी पोर! तिला उचलून माझ्या टेबलाशेजारी आणलं. पाणी प्यायलासुद्धा एकटी सोडली नाही.

"बाई, माझं काही चुकलं का?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"तुझं नाही गं," मी म्हणाले आणि खिडक्या लावून घेतल्या. सगळ्या!

मधल्या सुट्टीत दुसरा मजकूर आला. 'खोकला वाढलाय तुझा. रात्रभर ऐकू येत होता.'

नेमकी तेव्हाच खारूताई खोकली. मी खुर्चीतच बसले होते म्हणून, नाहीतर आडवीच झाले असते!

तिसरा मजकूर अडीचला. 'चार वाजता मागच्या फाटकाशी येतो. कोणाला सांगू नकोस, उगाच लाजतेस सगळ्यांसमोर.'

मी सगळ्यांना सांगितलं. मोठ्या बाईंनी खारूताईच्या आईला बोलावून दोघी मायलेकींना कार्यालयात कुलूपबंद केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरीच्या केसाला धक्का लागला, तर तुमची गाठ माझ्याशी आहे."

चारला आम्ही फाटकामागे दबा धरून बसलो. खेळाचे सर बॅट घेऊन, मोठ्या बाई छत्री घेऊन, संगणकाचे सर आमच्या सगळ्यांच्या मागे. माझ्या हातात फळा पुसायचं डस्टर. का, ते विचारू नका!

फाटक करकरलं.

"पकडा!" मी किंचाळले. खेळाच्या सरांनी झेप घेतली, त्यांच्यावर मोठ्या बाई पडल्या, आणि त्या ढिगाऱ्याखालून ओळखीचा आवाज आला, "अगं, आधी हा मफलर घाल!"

बाबा! माझे स्वतःचे, सख्खे बाबा! एका हातात मफलर, दुसऱ्या हातात खोकल्याचं औषध, काखेत टॅब!

"बाबा, तुम्ही जिराफ?"

"तूच म्हणालीस ना, नाव काहीही घाला? आणि इथे लिहिलं की तुला लगेच दिसतं, हेही तूच सांगितलंस! सकाळी या निळ्या ड्रेसवर मफलर न घालताच पळालीस."

सगळे माझ्या निळ्या ड्रेसकडे बघायला लागले. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. ब्लॉग तयार करायच्या दिवशी माझा लॅपटॉप बंद पडला होता, म्हणून तो मी बाबांच्या टॅबवर, बाबांच्याच ईमेलवरून तयार केला होता.

"यांना आत्ताच्या आत्ता काढा ब्लॉगवरून," मोठ्या बाई छत्री सरळ करत म्हणाल्या.

सरांनी टॅब हातात घेतला आणि मान हलवली. "कसे काढणार? मालक हेच आहेत. हवं तर हे आपल्या बाईंना काढू शकतात."

मोठ्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "मग, आपलं काय म्हणणं आहे? चालू ठेवायचा का ब्लॉग?"

"ठेवा की! मुलं फार छान लिहितात," बाबा कपडे झटकत म्हणाले. "बाई तेवढ्या घाबरट आहेत. पण राहू द्या, घरचीच आहे."

अशी माझी सहावी वाचली, वशिल्यानं!