ओजसला बघायला आलेली जहाजं

रविवारी दुपारी चार वाजता पहिलं जहाज आम्हाला बघायला आलं आणि कॉलनीच्या मैदानात टेकलं.

बार्शीहून समुद्र चारशे किलोमीटर लांब. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या सफरीच्या वेळी जहाजानेच रस्त्याने घरी येऊन कुटुंब बघायचं, अशी पद्धत आहे. एकदा जमलं की पुढच्या वेळेपासून कुटुंब आपलं आपण बंदरावर जातं. घरात लहान मुलं असली तर दोन-तीन जहाजं तरी बघावी लागतात, कारण पहिलं हमखास नकार देतं. जहाज यायच्या दिवशी सकाळीच वीजवाल्यांना सांगून मैदानावरच्या तारा सोडवून घ्यायच्या, स्कूटरी हलवायच्या आणि क्रिकेटच्या पोरांना संध्याकाळपर्यंत दुसरीकडे पिटाळायचं. एवढं केलं की झालं.

आमच्याकडे हे सगळं नानांनी हातात घेतलं. नाना म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढल्यामुळे पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची समजूत आहे. कालव्यावर ते एकदाही गेले नाहीत. कालव्याचे कागद त्यांच्या टेबलावर यायचे. आई गेल्यापासून घरात पहिला शब्द त्यांचा आणि शेवटचाही त्यांचाच. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आले, म्हणून मधलाही माझ्या वाट्याला येत नाही.

सफर मागितली शलाका वहिनीने. लग्नाला आठ वर्षं झाली, तेवढ्या काळात तिने या घरात मागितलेली ही एकच गोष्ट. दादा हो म्हणाला आणि पुढचं नानांवर सोडून मोकळा झाला; तो सगळ्याच बाबतींत असं करतो. मुलं दोन. ओजस सहा वर्षांचा, रेवा साडेतीन. सफर ठरतेय म्हटल्यावर ओजसने गणिताच्या वहीत इतकी जहाजं काढली की गणितं करायला पान उरलं नाही.

अडचण एकच होती. ओजस अजून झोपेत गादी ओली करतो. डॉक्टर म्हणाले होते, काही मुलांचं होतं असं, आपोआप जाईल, त्याच्यावर ओरडू नका. नाना डॉक्टरांवर ओरडले.

"हे जहाजाला कळता कामा नये," मंदाताई शेटे म्हणाल्या. मंदाताई वधुवर सूचक मंडळ चालवतात. हल्ली पोरं आपापलीच ठरवायला लागली, म्हणून त्यांनी जहाजंही घेतली आहेत. "त्यांचा मुलांचा वर्ग असतो ना वरती, तिथे असली मुलं घेत नाहीत. चक्क विचारतात. आपण सांगायचंच कशाला?"

"चार वाजल्यापासून याचं पाणी बंद," नाना म्हणाले.

"पोर आहे नाना ते, नळ नाही," मी म्हणाले.

"शिक्षण अर्ध्यात टाकून आलेल्यांनी सल्ले देऊ नयेत."

"पुरं केलेल्यांनी काय दिवे लावले?"

वहिनी म्हणाली, "पुरे आता," आणि ओजसचा भांग पाडायला घेतला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो नेहमीच सगळं ऐकतो. मोठ्या माणसांना वाटतं, मुलांची उंची कमी म्हणजे आवाज त्यांच्या डोक्यावरून जातो.

राहता राहिली गादी. रोज ती बाल्कनीच्या कठड्यावर वाळते, आणि बाल्कनी मैदानाच्या बरोबर समोर. नानांनी ती गच्चीवर नेऊन टाकायला सांगितली. पाहुण्यांपासून जे लपवायचं ते आमच्याकडे गच्चीवर जातं. फुटलेली बरणी, बंद पडलेला कूलर. मी कॉलेज सोडून आले त्या आठवड्यात चुलतबहिणीच्या सासरची माणसं आली होती, तेव्हा तासभर मीही वर होते. गच्चीवर कोणता पाहुणा येतो? कोणीच नाही. इतकी वर्षं हे बरोबर चालत आलं होतं.

पहिलं जहाज पांढरंशुभ्र, चौदा मजली. आवाज अगदी हळू. जहाजं हळूच बोलतात, नाहीतर काचा फुटतात. वहिनीने मैदानात स्टूल ठेवून चहा आणि शिऱ्याची बशी मांडली. जहाज खात नाही, पण विचारावं लागतं. मग मंदाताई खातात.

"मुलं दुपारी झोपतात का?" जहाजाने विचारलं.

"गाढ," नाना म्हणाले. तेवढ्यात रेवाने जहाजाचा दोर तोंडात घातला.

जहाजाने आमच्या घराकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कळवतो," ते म्हणालं. कळवतो म्हणजे काय हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं.

पुढच्या रविवारी आलेलं दुसरं जहाज पिवळंनिळं होतं आणि डोक्यावर तीन घसरगुंड्या. नाना एकदम खूश. असं स्थळ गावात कुणाकडे आलं नव्हतं, असं ते फाटकाशी उभं राहून तीनदा म्हणाले.

"मुलांच्या वर्गासाठी स्वच्छतेच्या सवयी पूर्ण झालेल्या लागतात," जहाज म्हणालं. "झाल्यात?"

"म्हणजे काय! आमचं घराणंच कोरडं आहे," नाना म्हणाले.

जहाजाची नजर आमच्या घरावरून फिरली. मग म्हणालं, "धाकटी पसंत आहे. आई-वडीलही. मोठ्याला मात्र आजोबांकडे ठेवावं लागेल. कारण विचारू नका."

कुणीच विचारलं नाही. जहाज गेल्यावर घरात अर्धा तास कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग नाना म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. ठेवू माझ्याकडे. स्थळ हातचं घालवायचं नाही."

वहिनी कप विसळत राहिली. एकच कप तिने चार वेळा विसळला.

"आई, मी राहतो," ओजस म्हणाला. "रेवाला घसरगुंडी आवडते."

मी तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. नानांनी मला उद्धट म्हटलं. दादा टीव्हीचा रिमोट शोधायला लागला. टीव्ही चालूच होता. शेवटी मंदाताईंनीच तोडगा काढला: आणखी एक स्थळ आहे, लहानसं, तेही बघून घ्या, नाहीच जमलं तर पिवळ्यानिळ्याला होकार देऊ. नानांनी मान्य केलं, पण एका अटीवर. या वेळी मोठ्याला दाखवायचंच नाही.

म्हणून तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्याबरोबर ओजसला गच्चीवर पाठवलं. मी त्याच्याबरोबर गेले. मला वाट माहीत होती.

गादी आधीच वर पसरलेली होती, कारण ती रात्र काही बरी गेली नव्हती. ओजस तिच्या कोरड्या कोपऱ्यावर बसला.

"आत्या, तुला पण वर पाठवलं होतं ना? तू पण करायचीस का?"

"मी कॉलेज सोडलं."

"ते ओलं होतं का?"

"नाही. पण घरात तसंच बघतात."

तो विचार करत राहिला. साडेतीनलाच मैदानात सावली पडली. जहाज वेळेच्या अर्धा तास आधी आलं होतं आणि खाली नाना बनियनवर पळत होते.

हे जहाज पाच मजली. कडेचा रंग दोन ठिकाणी उडालेला. आमची इमारत तीन मजली, त्यामुळे त्याच्या चौथ्या मजल्याचा कठडा बरोबर आमच्या गच्चीला येऊन भिडला. खालून नानांचा आवाज येत होता. "या, या. मोठा शाळेच्या सहलीला गेलाय हो. नेमका आजच."

"असं का," जहाज खाली म्हणालं. आणि वर, ओजसच्या कानाशी, त्याने अगदी हळू विचारलं, "ही गादी तुझी का रे?"

ओजसने माझ्याकडे बघितलं. खरं सांगून टाक म्हणायला माझं काय जात होतं? त्याचं जात होतं.

"हो," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज नाही. शुक्रवारी नव्हती झाली."

"मला शुक्रवारीही होतं," जहाज म्हणालं. "सगळ्यात खालच्या मजल्यावर. रात्रभर थोडं थोडं पाणी झिरपतं. सकाळी एक माणूस पंप लावतो आणि उपसून टाकतो."

"ओरडतो?"

"कुणावर?"

"तुमच्यावर."

"नाही. पंप लावतो आणि चहा प्यायला जातो. जहाज म्हटलं की थोडं पाणी यायचंच, म्हणतो."

ओजस गुडघ्यांवर रांगत कठड्याजवळ गेला. "आधी दोन आली होती. त्यांना पण येतं?"

"सगळ्यांनाच येतं. ती सांगत नाहीत."

"ती एवढी मोठी आहेत."

"मोठ्यांना जास्त येतं," जहाज म्हणालं.

खाली नाना पाटबंधाऱ्याचं काहीतरी सांगत होते आणि जहाज मधूनमधून हं हं करत होतं. दोन मजल्यांवर दोन गोष्टी एकाच वेळी ऐकायची त्याला सवय असावी.

"मी तीनच रात्रींचा फेरा करतो," त्याने ओजसला सांगितलं. "किनारा सोडत नाही. पहिल्या वेळी तेवढंच बरं असतं. झोपायला मधली खोली देईन, तिथे हलत नाही. गाद्यांना मेणकापड आहे. सकाळी पंप लावणाऱ्याबरोबर जायचं असेल तर जा."

"रेवा पण येईल?"

"येईल. आई-बाबाही. ही कोण?"

"आत्या. तिने कॉलेज सोडलंय."

"तिलाही आणा," जहाज म्हणालं. "आजोबा?"

ओजसने खाली वाकून नानांच्या टकलाकडे बघितलं. "त्यांना विचारावं लागेल. ते चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात होते."

"मग भीत असतील पाण्याला," जहाज म्हणालं. टोमणा म्हणून नव्हे, काळजीने.

त्यानंतर ते मोठ्याने बोललं. मोठ्याने म्हणजे जहाजाच्या मानाने हळूच, पण आमच्या खिडक्या खणखणल्या.

"मला सगळे पसंत आहेत. गच्चीवरची दोघंही."

मी वाकून बघितलं. शिऱ्याचा घास मंदाताईंच्या हातातच राहिला होता. नानांनी मान वर केली, आधी मला पाहिलं, मग ओजसला, मग जहाजाला, आणि जहाजाचा कठडा गच्चीला लागलेला पाहिला. तीन रविवार गेले, पण पाहुणा गच्चीपेक्षा उंच असतो हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. माझ्याही तेव्हाच आलं, हे कबूल करायला हवं.

"ते... सहल लवकर सुटली वाटतं," नाना म्हणाले.

"आधीच्या दोघांनाही गादी दिसली असणार," जहाज म्हणालं. "सांगितलं असतंत तर त्यांनाही थोडं बरं वाटलं असतं."

नाना सदऱ्याची बटणं चाचपायला लागले. घाईत एक बटण वरच्या काजात गेलं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले, "आम्ही विचार करून कळव—"

"कळवायचं काही नाही," शलाका वहिनी म्हणाली. ती पदराला हात पुसत मैदानात आली होती. "आमचा होकार आहे. पाचही जणांचा. नानांचं त्यांनी ठरवावं."

या घरात शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. छत पडलं नाही. दादा म्हणाला, "हो, हो, होकार आहे," आणि स्वतःच दचकला.

सफर दिवाळीनंतरची ठरली. जहाजाने रेवाच्या तोंडातून आपला दोर हलकेच काढून घेतला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि मैदानातून उठलं.

ते उठलं तेव्हा खालची जमीन दिसली. जहाज बसलं होतं तेवढी सगळी ओली होती. मोठा, काळा, लांबट डाग. खेळपट्टीच्या या टोकापासून त्या टोकाच्याही पुढे गेलेला.

क्रिकेटची पोरं तोवर परत आली होती. त्यातला एक ओरडला, "ए, जहाजाने केली बघ!" आणि सगळी फिदीफिदी हसायला लागली. वॉचमनही हसला. जहाज फाटकाबाहेर वळणावर पोचलं होतं. तिथून बायपासला लागायला त्याला दोनदा मागेपुढे व्हावं लागतं, त्यामुळे ऐकू न येण्याइतकं ते लांब नव्हतं. ते जागच्या जागी थांबलं. त्याचे दिवे, भर दिवसा लागलेले, बारीक झाले.

ओजस जिना उतरून कधी गेला ते मला कळलंच नाही. तो धावत मैदानात आला आणि ओल्याच्या मधोमध जाऊन पाय फाकवून उभा राहिला. तो सहा वर्षांचा आहे. त्याच्याखाली झाकून झाकून किती झाकणार? बाकी सगळा डाग दिसतच होता. म्हणून रेवा जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. मग वहिनी गेली. मी खाली पोचेपर्यंत दादाही उभा होता, चपला हातात धरून. मी उरलेल्या जागेतली त्यातल्या त्यात मोठी जागा धरली.

तरीही पलीकडचं टोक उघडंच राहत होतं.

नाना फाटकाशी उभे होते. ते आमच्याकडे बघत होते, मग पोरांकडे, मग वळणाकडे. मग ते आत गेले. मला वाटलं, झालं, आता दार लावून घेणार. ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आले, पलीकडच्या टोकाला ठेवली, सदऱ्याची टोकं दोन्ही बाजूंना पसरली आणि बसले.

"कुठे काय ओलं आहे?" ते पोरांना म्हणाले. "काही नाही इथे. जा, शाळेच्या मैदानात खेळा."

पोरं गेली. वळणावर जहाज एकदा मागे आलं, एकदा पुढे झालं आणि बायपासला लागलं.

ऊन चांगलं होतं. पावणेसहापर्यंत वाळलं.