देवू वेल्डराची काडीमोड

श्रीमहालक्ष्मी डहाणूवासिनी प्रसन्न. शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, मुक्काम तारापूर, येथे सरकारांनी अणू फोडून बिजली काढण्याची थोर मसलत आरंभिली. त्या धामधुमीत एक काडी मोडली गेली. तिची हकीकत मोठ्या तवारिखांत कोणी लिहिणार नाही, सबब येथे लिहून ठेविली असे.

जव्हारच्या डोंगरातला देवू नागलीचे शेत टाकून बिजलीघराच्या बांधकामी आला आणि लोखंडास लोखंड जोडण्याची विद्या शिकून नामांकित वेल्डर जाहला. परंतु दरवाजातून आत जाण्याचा परवाना बळवंतशेठ ठेकेदार यांच्या नावे. देवूचे नाव त्याखाली, चपलेखालच्या वाळूसारखे. शेठजींच्या सोडचिठ्ठीवाचून दुसरा ठेकेदार धरावा, तर परवाना रद्द आणि वेल्डर पुन्हा नागलीत. हे वर्म जाणून शेठजींनी त्यास पालघरी आपल्या बंगल्याच्या कुंपणावर तैनात केले, आणि मग गच्चीच्या जिन्यावर, आणि मग शेठाणीबाईंच्या झोपाळ्यावर. अणूचा वेल्डर झोपाळ्याच्या कड्या जोडीत बसला! हातची विद्या गंजते की काय, या भयाने देवूस अन्न गोड लागेना.

इतक्यात दिनानाथ ठेकेदारांचा पैगाम आला की, सोडचिठ्ठी आणावी, बिजलीघराच्या मोठ्या नळांचे काम देतो. मग देवूने शेठजींच्याच कामावरची, डोंगरातून आलेली मजुरांची सारी टोळी साक्षीस घेतली आणि शेठजी भोजनोत्तर दात कोरीत बसले असता अर्ज गुजारिला की, आम्हांस सोडावे. शेठजी हसले आणि दातांतली काडी कटकन मोडून देवूच्या पायांपाशी टाकिती जाहले. डोंगरात नवराबायकोची फारकत होते ती पंचांदेखत काडी मोडूनच. देवूने दोन्ही तुकडे भक्तिभावाने कपाळी लावून मुंडाशात खोविले, शेठजींस रामराम केला आणि दिनानाथांच्या गोटात दाखल जाहला.

दुसरे दिवशी शेठजी मुख्य दरवाजावर चालून आले आणि गुलाम पळाल्यागत फिर्याद मांडिली. दरवाजाचे सुभेदारांनी उभयतांस रूबरू घेऊन काडीविषयी पुसिले. शेठजी गर्जले, "मोडली, पण ती दातांतली होती!" येथे पहारेकऱ्यांसही हसू आवरेना. तथापि कागदाविना सुभेदारांचा इलाज खुंटला, आणि देवूचा परवाना त्यांच्या हाती फाटण्याच्या बेतात आला. देवूस डोळ्यांपुढे नागली दिसू लागली.

तो देवूची बायको ठमी डोईवरचे खडीचे घमेले खाली आपटून पुढे सरली आणि बोलली, "शेठ, काडी तूच मोडली ना? आता त्याला परत नांदवाचा हाय, तं नवरीगत देजाचा पैसा दे नव्यानी, आन् पंचांना ताडी पाज. आमी सारी टोळी पंच हाव!"

टोळीने होकाराचा एकच कल्लोळ केला आणि दरवाजापुढे पंगत धरून बसकण मारिली. शेठजींनी टोळीवर नजर फिरविली, तिच्या तहानेचा अदमास घेतला, आणि मग घाम पुशीत दौत-लेखणी मागविली. सोडचिठ्ठीवर दस्तखत जाहले. देवूने त्याच दिवशी मोठ्या नळावर ठिणग्यांची आतषबाजी केली, आणि ठमी घमेले टाकून पाहत राहिली.

पुढले दिवशी शेठजींनी भोजन आटोपून दात कोरण्यास हात पुढे केला, तो सारी टोळी एकेक काडी घेऊन अदबीने पुढ्यात उभी. तेव्हापासून शेठजी दात जिभेनेच साफ करितात.

येणेंप्रमाणे काडीमोडीची फत्ते शाबीत जाहली. अणू अद्याप फुटावयाचा आहे.