पाच मिलिमीटरचा विजय

घरातील प्रत्येक वस्तूवर तिच्यासंबंधी लेखी सूचना चिकटवावी, असा निर्णय मी सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी घेतला. (पहिला दिवस डिंक आणण्यात गेला.) एवढ्याशा निर्णयाने मनुष्य शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतो, असे मी वाचलेल्या एकाही ग्रंथात नव्हते.

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या कुशीत अशी कळ उठली की, आयुष्यात प्रथमच मी अग्रलेख अर्धवट सोडला. सोनोग्राफीत निदान झाले : पाच मिलिमीटरचा मूतखडा, मूत्रपिंडातून निघून मूत्राशयाच्या दाराशी अडकलेला.

“भरपूर पाणी प्या,” डॉक्टर श्रीधर म्हणाले. “बहुधा आपोआप पडेल. दर वेळी गाळून पाहा. मिळाला तर घेऊन या, तपासला की पथ्य ठरवता येतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत नाही पडला, तर दुर्बीण घालून काढू.”

दुर्बीण कोणत्या मार्गाने घालतात, हे मी विचारले. उत्तर ऐकल्यापासून मी तीनऐवजी साडेतीन लिटर पाणी पिऊ लागलो.

बुधवारी सकाळी गाळणीत ‘टिक्’ असा आवाज झाला. (गाळणी नवी आणली होती, वाचकांनी आमच्याकडे चहाला निःशंक यावे.) खडा तपकिरी, खडबडीत, थेट भाजक्या सुपारीसारखा होता. तो मी स्टीलच्या डबीत ठेवला आणि वर कागद चिकटवला : ‘आतील ऐवज वैद्यकीय स्वरूपाचा आहे. उघडल्यास होणाऱ्या परिणामांस मालक जबाबदार राहणार नाही.’ शुक्रवारी विसरू नये, म्हणून डबी टीपॉयवरच ठेवली.

गुरुवारी माझे मेहुणे गोपाळकृष्ण कर्वेनगरहून जेवायला आले. हात धुऊन मी बाहेर येतो, तो डबी उघडी आणि मेहुणे तोंड वाकडे करीत बसलेले!

“भाऊजी, सुपारी फारच टणक हो तुमची. शेवटी गिळली.”

“डबीवरची सूचना वाचली नाहीत?”

“तुमच्याकडे साबणावरसुद्धा सूचना आहे. सगळ्या वाचत बसलो तर सुपारी कधी खायची?”

“गोपू,” माझी पत्नी वासंती क्षीण आवाजात म्हणाली, “तो यांचा मूतखडा होता रे.”

मेहुण्यांनी सोफ्यावर अंग टाकले.

“अगं, माझा पुरावा गेला!” मी ओरडलो.

“पुरावा कसला घेऊन बसलात? माझा भाऊ बघा!”

शुक्रवारी मी रिकाम्या हाताने सदाशिव पेठेत डॉक्टरांपुढे उभा राहिलो.

“खडा कुठे आहे?”

“माझ्या मेहुण्यांच्या पोटात.”

“त्यांचं राहू द्या. मी तुमचा विचारतोय.”

“माझाच. त्यांच्या पोटात.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “पडलेला खडाच होता, हे मी कशावरून मानू? पुन्हा सोनोग्राफी करा. अजून अडकलेला दिसला, तर आजच टेबलावर घेऊ.”

सोनोग्राफीस मूत्राशय भरलेले लागते. मी पाच ग्लास पाणी प्यालो आणि नंबराची वाट पाहू लागलो. एक तास झाला. शेजारचे दोन रुग्ण धीर सुटून पळाले. मी मात्र ताठ बसून राहिलो. (वाकणे शक्यच नव्हते.) अखेर श्यामलाबाई नावाच्या डॉक्टरांनी माझ्या पोटावर गार जेली लावून यंत्र फिरवले. मी श्वास रोखला. रोखण्याचा सराव होताच.

“मार्ग मोकळा आहे. सूजही उतरली. खडा कुठेही नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मूत्राशय इतकं सुरेख भरून आलेले पेशंट हल्ली बघायला मिळत नाहीत.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाने माझ्या कामाची अशी वाखाणणी केली नव्हती. दुर्बीण टळली! मेहुण्यांच्या पोटातला खडाही विनातक्रार बाहेर पडेल, अशी ग्वाही डॉक्टर श्रीधरांनी दिली.

पाव किलो पेढे घेऊन मी विजयी वीरासारखा घरी आलो. दाराला कुलूप. समोरच्या नव्या भाडेकरू हेमाबाई शहाळे घेऊन जिना उतरत होत्या.

“काका, काकू कर्वेनगरला गेल्यात. त्यांच्या भावाच्या पोटात खडा आहे ना! सगळे तिकडेच जमलेत, मीही निघालेय. बरं, एवढ्या धडधाकट माणसाला खडा झाला तरी कशानं हो?”

“खाण्यात आला,” मी प्रामाणिकपणे सांगितले.

“तरीच! तुम्ही जपा हं, काका. तुम्हाला झाला, तर या वयात सोसायचा नाही.”