पुढच्या सीटवरची गोणी

सोपाननाना माणसाला नमस्कार करत नाहीत, वजन विचारतात. लग्नात, दहाव्याला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कुठंही नवा चेहरा दिसला की त्याला नखशिखांत न्याहाळून पहिला प्रश्न, "पावणं, वजन किती?" माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तर शेजारधर्म म्हणून नाना बरोबर आले आणि पोह्यांची बशी हातात घेताघेता मुलीलाच वजन विचारून बसले. ते लग्न अर्थातच जमलं नाही. परतताना मला म्हणतात, "पोरगी पुढच्या सीटला झ्याक व्हती."

ही सीट नानांच्या ग्लायडरची. निमगाव साव्यात सगळे त्याला विमान म्हणतात, पण ज्याला इंजिन नाही, पंखा नाही, आवाजसुद्धा नाही, त्याला विमान म्हणणं माझ्या जिवावर येतं. नाना पुण्यात ग्लायडर उडवायला शिकवत. निवृत्त झाल्यावर माणसं गावाकडे येऊन बंगला बांधतात, पोल्ट्री टाकतात, निदान सोसायटीच्या निवडणुकीला तरी उभी राहतात. नानांनी मोडीत निघालेलं दोन सीटचं ग्लायडर ट्रकवर घालून आणलं, दोन वर्षं त्याची डागडुजी केली, परवाने काढले आणि आपला वडिलोपार्जित माळ सपाट करून घेतला. त्या माळावर कोणीही शहाण्या माणसाने डाळिंब लावलं असतं.

बरं, हे ग्लायडर स्वतःहून उडेल तर शपथ. त्याला गाडीने ओढावं लागतं, आणि ती गाडी म्हणजे माझी जीप. लांबलचक दोराचं एक टोक जीपला, दुसरं ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकाला. मी माळावरून जीप पिटाळायची, मागे ते पतंगासारखं वर चढणार. पुरेसं वर गेलं की नाना आतली पिवळी मूठ ओढून दोर सोडणार, चार घिरट्या घालणार आणि निघाले तिथंच येऊन उतरणार. म्हणजे एवढं डिझेल जाळून माणूस कुठंही पोचत नाही. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. ते फक्त म्हणतात, "माधवा, तू गाडीकडं बघ."

गाडीकडे बघायचं म्हणजे काय, तर त्यांचा एकच मंत्र, "ओढ, पण हिसका नको." दोर ढिला असताना जीप दामटली तर हिसका बसतो, म्हणून आधी हळूहळू दोर ताणून घ्यायचा आणि मग वेग. इथवर ठीक आहे. पण नाना हे वाक्य चहा पिणाऱ्याला सांगतात, बैल वळवणाऱ्याला सांगतात, सासरी निघालेल्या नवरीच्या भावालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. माझा हिसका मात्र रोज बसायचा आणि रोज उतरल्यावर त्याच्यावर माझं बौद्धिक घेतलं जायचं. फुकट जीप देऊन वर एवढं ऐकून घेणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

शिकवणारा मागच्या सीटवर आणि शिकणारा पुढच्या, अशी त्या ग्लायडरची रचना. आता आमच्याकडे शिकायला कोण येणार? बघायला येणारे पुष्कळ. ते पंखाला टेकून फोटो काढायचे, इंजिन कुठं लपवलंय ते वाकून शोधायचे, आणि नानांनी वजन विचारलं की सगळ्यांना घरची धार आठवायची. पण पुढे वजन नसलं तर ग्लायडरचा तोल राहत नाही. म्हणून नाना पुढच्या सीटवर कांद्याची गोणी बसवायचे. तिला पट्टा बांधायचे, पट्टा ओढून बघायचे आणि मागे बसल्यावर तिला सांगायचे, "आता दोर लावत्यात बरं का." आमच्या भागातला कांदा दुबईला जातो हे ठाऊक होतं, पण माळावरच्या माळावर हवाई प्रवास करणारा कांदा मी इथंच पाहिला.

या सगळ्यात पंख धरायचं काम हौसाकाकूंचं, म्हणजे नानांच्या मंडळींचं. उभ्या ग्लायडरचा एक पंख जमिनीला टेकलेला असतो. सुरुवातीला तो कोणीतरी उचलून समांतर धरावा लागतो आणि वेग येईपर्यंत चार पावलं बरोबर पळावं लागतं. काकू पदर खोचून ते करायच्या. दर वेळी नाना काच बंद करण्याआधी विचारायचे, "बसती का आज?" आणि काकूंचं ठरलेलं उत्तर, "मंग पंख कोन धरील?" नवराबायकोचा हा संवाद ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

यंदा दिवाळीनंतर काकू माळावर यायच्या थांबल्या. पोटाचं काहीतरी दुखणं, नारायणगावच्या दवाखान्यात खेपा चालल्यात, एवढंच कळलं. नाना जास्त बोलले नाहीत. पंख धरायला माझी बायको यायला लागली. नानांनी दोन दिवस तरी घरी बसावं असं मला वाटत होतं, पण हा माणूस गोणी घेऊन हजर. आणि ती गोणी दर आठवड्याला लहान होत चाललेली. तोल सांभाळायला नाना सीटखाली शिशाच्या पट्ट्या वाढवत होते. तेव्हा कांद्याचा भाव चढला होता. मी पारावर सांगून टाकलं, "नाना आता पॅसेंजरच खायला लागलेत." लोक पोट धरून हसले.

एका सकाळी मी निरोप द्यायला त्यांच्याकडे गेलो. अंगणात कांद्याचा वजनकाटा मांडला होता, त्यावर खुर्ची, आणि खुर्चीत हौसाकाकू. मी त्यांना ओळखलं ते आवाजावरून. नानांनी आकडा बघितला, काकूंना हाताला धरून उतरवलं, ओट्यावर बसवलं. मग खुर्चीवर गोणी ठेवली आणि तिच्यातून एकेक कांदा काढायला लागले.

"नाना, हे काय?"

"हिच्याएवढी करतोय," ते म्हणाले. "पयल्यापासनं हिच्याच वजनाची नेतो मी. ज्या दिवशी ही व्हय म्हनंल, त्या दिवशी इमानाला मानूस नवं वाटाया नको."

पारावरचं हसणं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना पुन्हा गोणीत हात घालणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "वरून पारगावच्या कारखान्याचं धुराडं दिसतं का वं?"

काकूंचं माहेर पारगावचं. दिवाळीपासून त्यांना तिकडे जायला जमलं नव्हतं.

"रोज दिसतं," नाना म्हणाले. "बसती का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "पंख आता ह्येची बायको धरती म्हनं."

डॉक्टरांना विचारून, वारा पडलेली एक सकाळ बघून नानांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. पट्टा बांधला, ओढून बघितला, सैल केला, पुन्हा बांधला. गोणी खाली माळावर राहिली. मी जीपमध्ये बसून मंत्राची वाट बघत होतो, पण त्या दिवशी नाना काही बोललेच नाहीत. मग मीच क्लचवर पाय ठेवून पुटपुटत राहिलो, ओढ, पण हिसका नको. हिसका नको. दोर कधी ताणला आणि जीप कधी निघाली ते मलासुद्धा कळलं नाही. आरशात बघितलं तर चाक जमिनीवरून सुटलं होतं, आणि काचेआड काकूंचा हिरवा पदर दिसत होता.

वर दोर सुटला. ग्लायडर रोजच्यासारखं घिरटी घ्यायला वळलं नाही, पारगावकडे नाक करून सरळ निघालं. कारखान्याचा धूर तिकडे स्पष्ट दिसत होता. मी जीप बंद केली आणि खाली उतरून बघत राहिलो. मला रडू आलं. बायको धापा टाकत जवळ आली. तीही वरच बघत होती.