किटलीचं प्रात्यक्षिक

लॅबवाल्या बाईंना चहा करता येतो की नाही, याची परीक्षा बुधवारी साडेचारला ठरली. बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं ॲसिडं हाताळली, दांडगट पोरांच्या हाती पेटते बर्नर दिले आणि एकाचीही भुवई जळू दिली नाही. पण वृद्धनिवासात आल्यापासून विजेच्या किटलीला हात लावायची त्यांना बंदी होती. आता बोला.

निवासातला चहा तीन वाजता थर्मासमधून यायचा, दूध-साखर आधीच घातलेला, सगळ्यांना सारखा गोड. बाईंना तो हवा होता साडेचारला, कडक, बिनसाखरेचा आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या हातचा. पाच महिने त्या एवढंच मागत होत्या. शेवटी वरून फर्मान आलं की राहणाऱ्यांच्या आवडीनिवडीला मान द्या. मान द्यायचा म्हणून व्यवस्थापकांनी अकरा प्रश्नांचा फॉर्म काढला. कोणाचीही मदत न घेता, काही न सांडता, कुठे न भाजता चहा झाला, तर किटली बाईंच्या खोलीत राहणार. नाहीतर किटली मुलाबरोबर घरी परत, कायमची.

परीक्षेला तिघं हजर होते. व्यवस्थापक फॉर्म आणि आग विझवायचं नळकांडं घेऊन आले, सिस्टर मलम घेऊन आली, आणि बाईंचा मुलगा नुसता घाम पुसत आला. मुलगा स्वतः साठीला टेकलेला, पण आई किटलीजवळ गेली की त्याचा जीव टांगणीला लागायचा. गंमत म्हणजे, बाई पास व्हाव्यात असं तिघांनाही मनापासून वाटत होतं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

बाईंनी पाणी मोजून ओतलं, भिंतीवरचं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून खुर्चीत बसल्या. व्यवस्थापक ऐसपैस भिंतीला टेकले, ते नेमके बटणावर. किटलीचा दिवा विझला. ते बाजूला झाल्यावर मुलाला वाटलं, आई बटण दाबायलाच विसरली. त्याने खोकल्याचं निमित्त करून ते हळूच दाबलं. सिस्टरला टक ऐकू आलं. यानं भीतीपोटी बंद केलं वाटतं, असं समजून तिनं पडदा सारखा करता करता पुन्हा दाबलं. म्हणजे बंद केलं. मग व्यवस्थापकांचंही मन द्रवलं. दहा मिनिटं खोलीत नुसतं टक-टक चाललं होतं आणि पाणी थंडच्या थंड.

"तेहतीस वर्षांत एवढी कॉपी बघितली नव्हती," बाई म्हणाल्या.

तिघंही ओशाळून लांब झाले. नशिबानं त्या क्षणी बटण चालू होतं, म्हणून पाणी उकळलं. व्यवस्थापक सातवा प्रश्न भरायला जवळून बघू लागले, वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला, ते दचकून मागे सरले आणि कोपर दुधाच्या भांड्याला लागलं. भांड्यावर सिस्टर झेपावली. सिस्टरला सावरायला मुलगा धावला. मुलाचा धक्का व्यवस्थापकांना बसला, आणि त्यांच्या हातातल्या नळकांड्याची पिन तर त्यांनी तयारी म्हणून आधीच काढून ठेवलेली. फुस्स करून पांढऱ्या भुकटीचा असा लोट सुटला की कोण व्यवस्थापक आणि कोण मुलगा, ओळखू येईना.

पहिल्या फुस्सबरोबर बाईंनी कपावर बशी पालथी घातली होती. सवयच ती. मग त्यांनी खिडक्या उघडल्या.

"डोळे मिटा, कशाला हात लावू नका, आणि गप पलंगावर बसा."

बसले तिघंही ओळीनं. बाईंनी ओल्या टॉवेलनं त्यांची तोंडं पुसली, व्यवस्थापकांचं तर कानामागेही पुसलं. किटली धुतली, नवं पाणी मोजलं, कपाटातून आणखी तीन कप काढले. या वेळी जागचं कोणी हललं नाही, त्यामुळे चहा पाच मिनिटांत झाला.

"साखर किती?" बाईंनी व्यवस्थापकांना विचारलं.

व्यवस्थापक गडबडले. सहा वर्षं तेही थर्मासचाच चहा पीत होते. या इमारतीत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. "अर्धा चमचा," ते चाचरत म्हणाले, आणि दूध सांडल्यामुळे कोराच मिळालेला तो चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. फार बरं वाटलं त्यांना.

मग त्यांनी फॉर्म झटकला. 'मदतीची गरज लागली का?' या प्रश्नापुढे प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. बाईंचा चेहरा पडला. व्यवस्थापकांनी जरा थांबून पुढे लिहिलं, 'आम्हा तिघांना. बाईंनी केली.' किटली राहिली.

गुरुवारी साडेचारच्या ठोक्याला व्यवस्थापक स्वतःचा कप घेऊन बाईंच्या दाराशी हजर. एरवी ते दार ढकलून सरळ आत शिरायचे. आज त्यांनी टकटक केली. आत किटली मस्त खळखळत होती.

"कोण आहे?"

"मी. म्हटलं, चहा झाला असेल तर..."

"आज नको. आज मला एकटीला प्यायचाय," आतून बाई म्हणाल्या. "उद्या या."

व्यवस्थापक बरं म्हणाले आणि कप घेऊन निमूट जिना उतरले. खाली थर्मासच्या तळाशी तीनचा चहा अजून थोडा उरला होता, कोमट, सगळ्यांना सारखा गोड.